भोंगवलीची बॅटरीची गाडी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग कापूरहोळ, किकवी मागे टाकून सारोळ्याशी येतो आणि पुढे नीरा नदी ओलांडून शिरवळच्या हद्दीत शिरतो. नदी हीच येथे जिल्ह्यांची सीमा आहे. अलीकडचा काठ पुण्याचा, पलीकडचा साताऱ्याचा. या महामार्गाच्या पूर्वेला, आडवाटेच्या लहान रस्त्यांवर भोंगवली वसलेली आहे. भोर तालुका म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर पश्चिमेचा भाग उभा राहतो. रोहिड्याचा किल्ला, वरंध घाट, भाटघरचे अथांग पाणी आणि आषाढातली भाताची खाचरे ही भोरची ओळख. भोंगवलीकडचा मुलूख त्याच तालुक्याचा असूनही चेहऱ्याने निराळा आहे. सह्याद्रीचे ढग येथवर पोहोचतात ते बरेचसे रिकामे होऊन. माळ, ज्वारी-बाजरी, जेथे पाणी पोहोचले तेथे ऊस, आणि व्यवहाराची ओढ भोरच्या पेठेपेक्षा शिरवळ, नीरा, लोणंद या बाजारांकडे अधिक.

पाण्याचा धागा मात्र या साऱ्या मुलखाला बांधून ठेवतो. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण १९२०च्या दशकात पूर्ण झाले. गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला दिले गेले होते, पण ते कागदावरच राहिले. त्या पाण्यावर नीरेचे दोन कालवे चालतात. डावा बारामती-इंदापूरकडे जातो आणि उजवा फलटणमार्गे माळशिरस-पंढरपूरच्या दिशेने. या कालव्यांच्या मागोमाग आपल्या समाजातील कित्येक घरे व्यापारासाठी या गावांत येऊन राहिली. कोणी भुसार मालाचे दुकान घातले, कोणी किराणा, कोणी कापड. मोठ्या गावांत मंदिरे झाली, समाज जमला. लहान गावांत एखादेच घर राहिले. भोंगवलीत आमचे एक चुलत चुलते असेच एकटे दुकान सांभाळून होते. दशलक्षण पर्वात ते फलटणला जाऊन राहत, एरवी त्यांचा सारा व्यवहार त्या एका गल्ल्याभोवती चाले.

ते जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या मागे दुकानाच्या परसात, गोठ्याच्या पडवीत एक वस्तू पडून राहिली, जिला गाव आजही ‘शेटची बॅटरीची गाडी’ म्हणते. तीन चाकांचा सांगाडा, त्यावर घरच्या घरी ठोकून केलेली पत्र्याची केबिन, दोन दारे, मागे दोन माणसे आणि तीन-चार पोती मावतील एवढी जागा. चाकांत हवा नाही, काचा नाहीत, पत्र्याला गंजाने जाळी पडलेली. पडवी पाडून तेथे नवी खोली बांधायची असे घरात ठरले आणि भंगारवाल्याला निरोप गेला. त्याच सुमारास कार्यानिमित्त माझे तिकडे जाणे झाले.

घरातल्या तरुण मंडळींचे मत सरळ होते. ही गाडी कधी चाललीच नसावी, चालली असेल तर उतारावर, किंवा मागून पोरांनी ढकलल्यावर. काकूंचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्या हे सारे ऐकत बसल्या होत्या. मग मला म्हणाल्या, ‘‘तू गाड्यांतलं बघतोस ना रे? मग एकदा नीट बघून सांग. मी बसले होते त्यात, दोनदा. सारोळ्यापर्यंत गेलो होतो. पण ही सगळी इतकी वर्षं म्हणतायत की आता माझं मलाच वाटायला लागलंय, खरंच चालत होती का, का मीच मनानं धरलंय. गाव त्यांना वेडा शेट म्हणायचं.’’

प्रश्न एवढाच होता. गाडी कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, तिला काही किंमत येईल का, यातले काकूंना काहीही नको होते.

जुन्या, नावगाव नसलेल्या वाहनाची ओळख पटवायची तर पहिली पायरी म्हणजे ज्ञात वाहनांशी ताडून पाहणे. गावात तीन तर्क प्रचलित होते आणि तिन्ही पूर्णपणे निराधार नव्हते. एक जण म्हणाला, ही इचलकरंजीची मीरा गाडी असणार. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिमतीवर लहान मोटार घडवली आणि १९४९ मध्ये तिचा पहिला नमुना रस्त्यावर आणला, हे आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असेल. पुढे अनेक वर्षे ते तिच्या सुधारित आवृत्त्या करीत राहिले. सामान्य माणसाला सुमारे १२ हजार रुपयांत मोटार मिळावी हा त्यांचा ध्यास होता. परवान्यांच्या राज्यात ती कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. टाटांची नॅनो आली तेव्हा अनेकांना मीराची आठवण झाली. परंतु मीरा चारचाकी होती आणि पेट्रोलवर चालत होती. भोंगवलीच्या गाडीचा तिच्याशी संबंध जोडणे शक्य नव्हते.

दुसरा तर्क लव्हबर्डचा. भारतातील पहिल्या विजेच्या मोटारींत जिचे नाव घेतले जाते ती लव्हबर्ड १९९३ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडली गेली. केरळातील चालकुडीच्या एडी करंट कंट्रोल्स या कंपनीने जपानच्या यास्कावा कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने ती तयार केली होती. दोन माणसांची लहानशी गाडी, एका चार्जिंगमध्ये सुमारे ६० किलोमीटर. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचा भार आणि बाजारपेठेचा थंडपणा यांमुळे ती फारच थोड्या लोकांपर्यंत पोहोचली. तीही चारचाकीच, आणि कारखान्यात साच्यातून निघालेली. भोंगवलीच्या केबिनवर हातोडीच्या खुणा अजून मोजता येतात.

तिसरा तर्क मला सर्वांत जवळचा वाटला, कारण तो याच नदीच्या खोऱ्यातला होता. ‘ही फलटणच्या शास्त्रज्ञांची गाडी असेल,’ असे गावच्या एका निवृत्त शिक्षकांचे म्हणणे. त्यासाठी मी लोणंद-फलटणचा रस्ता धरला.

हा रस्ता वारकऱ्यांचा आहे. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान झाले की पालखी लोणंदला येते, पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते आणि मग फलटण. ज्यांनी या वाटेवर पालखीच्या दिवसांत प्रवास केला आहे त्यांना अन्य दिवशी हा रस्ता अनोळखी वाटतो, इतका तो मोकळा असतो. आता लोणंदपासून फलटणपर्यंत रेल्वेही आली आहे.

याच रस्त्यावर, फलटणच्या अलीकडे तांबमाळावर निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनविहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये ती स्थापन केली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका, इरावती कर्वे यांच्या कन्या. त्यांचे जामात अनिल राजवंशी हे कानपूरच्या आयआयटीतून आणि पुढे फ्लोरिडा विद्यापीठातून शिकलेले अभियंते १९८१ मध्ये अमेरिका सोडून या माळावर येऊन राहिले. शहरी मित्रांना तो निर्णय कसा वाटला असेल याची कल्पना करता येते. गोड ज्वारीपासून इथेनॉल, त्यावर चालणारी शेगडी, ‘नूरी’ नावाचा कंदील, शेतातील काडीकचऱ्यापासून वायू तयार करणारी भट्टी अशी अनेक कामे या संस्थेतून झाली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सायकल रिक्षा हाती घेतली. रिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या छातीवर आणि गुडघ्यांवर जो ताण येतो तो रिक्षाच्या सदोष रचनेमुळे कितीतरी वाढतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यातून तीन वाहने निघाली. एक सुधारलेली पायडलची रिक्षा, दुसरी पायडलला मोटारीची जोड असलेली, आणि तिसरी पूर्णपणे विजेवर चालणारी, जिचे नाव ‘इलेक्शा’. या कामाचा शोधनिबंध २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज देशातील लहानमोठ्या शहरांत जी ई-रिक्षा सर्रास दिसते, तिच्या आधीची ही पायवाट आहे. ई-रिक्षेला मोटार वाहन कायद्यात स्पष्ट जागा मिळाली ती २०१५च्या दुरुस्तीने, म्हणजे फलटणच्या या प्रयत्नानंतर कितीतरी वर्षांनी. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

इलेक्शाची चित्रे आणि वर्णन पाहिल्यावर एवढे निश्चित झाले की भोंगवलीची गाडी तिची नातलग नव्हे. इलेक्शा मुळातच हलकी, सायकल रिक्षाच्या कुळातली. आमच्या चुलत्यांच्या गाडीचा नुसता पुढचा काटा उचलायला दोन माणसे लागतात. शिवाय काळाचाही मेळ बसत नव्हता, ते पुढे सांगतो.

फलटणला गेलो की मंदिरांचे दर्शन घेतल्याविना परत येणे होत नाही. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवला, जयधवला, महाधवला हे सिद्धान्तग्रंथ ताम्रपटांवर कोरून घेण्याचे जे मोठे कार्य झाले, त्याच्याशी फलटणचे नाव कायमचे जोडलेले आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर शेकडो वर्षे जपलेली अक्षरे कधीतरी किडीच्या तोंडी पडतील या चिंतेने हा तांब्याचा खटाटोप केला गेला. त्या दिवशी मला राहून राहून वाटत होते, की आमच्या चुलत्यांनी निदान एका वहीच्या पानावर काही लिहून ठेवले असते तर! उधारीच्या वह्या पंचवीस सापडल्या, गाडीबद्दल एक ओळ नाही.

कागद नाही म्हटल्यावर गाडीलाच विचारणे भाग होते. दुसऱ्या दिवशी भोंगवलीला परतून, रॉकेल, पत्रा कापायची कात्री आणि गावातील एका वायरमनला सोबत घेऊन मी पडवीत बसलो.

पहिला प्रश्न असा, की ही मुळात विजेचीच गाडी होती की इंजिन काढून नेलेला सांगाडा? याचे उत्तर लवकर मिळाले. केबिनमधल्या बाकाखाली लोखंडी पट्ट्यांची चौकट होती, तिला आतून डांबर फासलेले, आणि तरीही तिचे कोपरे खाल्ले गेले होते. पावसाच्या पाण्याचा गंज तांबूस, सरसकट असतो. आम्लाने खाल्लेले लोखंड खड्ड्याखड्ड्यांनी झिजते आणि आसपासच्या तांब्याच्या टोकांवर निळसर-पांढरी भुकटी धरते. ती भुकटी तेथे होती. चौकटीचे माप ट्रकच्या चार बॅटऱ्यांचे. म्हणजे १२ व्होल्टच्या चार, एकत्र जोडल्या तर ४८ व्होल्ट.

दुसरा प्रश्न सांगाड्याचा. पुढे एकच चाक, आणि त्या चाकाला चेनचे दाते. मागच्या दोन चाकांना कसलीही ओढ नाही. ही रचना ज्यांनी पूर्वी पाहिली आहे ते लगेच ओळखतील. हा टेम्पो हॅन्सीट. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या कारखान्यातून आलेले हे तीनचाकी मालवाहन. इंजिन पुढच्या चाकाच्या वर बसवलेले आणि चेनने तेच चाक फिरवणारे. भारतात ते बनवले बजाज टेम्पो कंपनीने, १९५८पासून. या कंपनीच्या उभारणीमागे अहमदनगरचे नवलमल फिरोदिया होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. रिक्षा, टेम्पो आणि पुढे लुना अशी सामान्य माणसाला परवडणारी वाहने या एका घराण्याच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आली, आणि शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मोटारीच्या धंद्यात आपल्या समाजाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. त्यामुळे एका खेड्यातील जैन किराणा दुकानदाराने जुना टेम्पो विकत घेऊन त्यावर प्रयोग करावा, यात मला विपरीत काही वाटले नाही. खेड्यापाड्यांत हॅन्सीट इतका पसरला होता की मालवाहू तीनचाकीला आपण अजूनही ‘टेम्पो’ म्हणतो, मग ती कोणत्याही कंपनीची असो.

तर चुलत्यांनी टेम्पोचे इंजिन उतरवले आणि त्या जागी विजेची मोटार बसवली. मोटारीची नामपट्टी कोणीतरी उपटून नेली आहे. पण तिच्या तारांच्या टोकांवर ठोकलेली अक्षरे अजून वाचता येतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत, जी आपल्याकडे दीर्घकाळ चालली, डीसी मोटारीच्या फिरत्या भागाला ‘ए’ आणि ‘एए’, सिरीज वेटोळ्याला ‘वाय’ आणि ‘वायवाय’, तर शंट वेटोळ्याला ‘झेड’ आणि ‘झेडझेड’ अशी खूण असे. येथे ‘वाय’ होते, ‘झेड’ नव्हते. वेटोळ्याची तारही जाड आणि वेढे थोडे. म्हणजे ही सिरीज मोटार. उभ्या गाडीला हलवताना जोर सर्वांत जास्त लागतो आणि नेमका त्याच वेळी ही मोटार सर्वांत जास्त जोर देते, म्हणून ट्रामपासून मुंबईच्या जुन्या लोकलपर्यंत सगळीकडे हीच जात वापरली गेली. तिचा दोष एवढाच की भार सुटला की ती बेफाम वेग घेते. चुलत्यांनी पट्टा न वापरता चेन ठेवली ती बहुधा याच कारणाने. पट्टा निसटतो, चेन सहसा निसटत नाही. हे त्यांना कोणी सांगितले असेल, की अनुभवाने कळले असेल? काकूंना एवढेच आठवते, की शिरवळकडचा एक मोटारी भरणारा कारागीर महिनोन्‌महिने घरी येऊन बसे आणि त्याला चहा पुरवता पुरवता त्या कंटाळून जात.

तिसरा प्रश्न काळाचा. विजेच्या गाडीचे साल तिच्या नियंत्रकावरून कळते. वेग कमीजास्त कसा करत होते ते पाहायचे. १९५७ नंतर थायरिस्टर आले आणि पुढच्या दशकांत विजेचा प्रवाह तुकड्यातुकड्यांनी सोडणारे नियंत्रक तयार होऊ लागले. लव्हबर्डमध्ये तसलाच होता. नव्या वाहनांत ते काम त्याहून लहान भाग करतात. भोंगवलीच्या गाडीत यांपैकी काही नाही. ड्रायव्हरच्या पायापाशी सागाची एक फळी आहे. तिच्यावर तांब्याच्या पट्ट्यांचे चार जाड खटके, आणि मागे चिनी मातीच्या खुंट्यांवर गुंडाळलेली रोधाची तार. पहिल्या खटक्याला बॅटऱ्या दोन-दोनच्या जोडीत, २४ व्होल्टवर, तारेतून. मग तार वगळून. मग चारही एकापुढे एक, ४८ व्होल्टवर, पुन्हा तारेतून. आणि शेवटी थेट. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला धावलेली पहिली विजेची लोकल वेग घ्यायची ती तत्त्वतः याच युक्तीने. तारेत बरीच वीज उष्णतेच्या रूपाने फुकट जाते, पण खेड्यात दुरुस्त करता येईल अशी रचना हीच. चार्जरच्या पेटीत मात्र सिलिकॉनचे दोन मोठे डायोड आहेत. ते सेलेनियमच्या पत्र्यांचे नाहीत. डायोड आहेत, थायरिस्टर नाही, खाली हॅन्सीट. हे सारे मिळून १९७०च्या दशकाकडे बोट दाखवते, आणि काकूंच्या आठवणीतही धाकट्या मुलाच्या जन्मानंतरचा तोच काळ आहे.

तो काळ जगभर अशा गाड्यांचा होता. ऑक्टोबर १९७३च्या युद्धानंतर काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. अमेरिकेत फ्लोरिडातील एका कंपनीने सिटीकार नावाची पाचरीच्या आकाराची विजेची गाडी काढली आणि दोन हजारांहून अधिक विकली. इंग्लंडमध्ये एनफिल्ड ८००० निघाली, ती शंभर-सव्वाशेच्या पुढे गेली नाही. या कंपन्यांपेक्षा मला त्यांचे कौतुक वाटते, जे आपल्या घराच्या मागे, विमानांच्या जुन्या स्टार्टर मोटारी आणि गोल्फच्या गाड्यांच्या बॅटऱ्या जमवून स्वतःसाठी एकच गाडी करत. कॅलिफोर्नियात अशा हौशी मंडळींची एक संघटना १९६७पासूनच होती. भोंगवलीच्या दुकानदाराला यातले काही ठाऊक असण्याचा संभव नाही. त्यांना ठाऊक होते ते डिझेलचे भाव, आणि महिन्यातून कितीतरी वेळा बाजारातून आणायची पोती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. या लेखाचा विषय कानावर जाताच आमच्या एका स्नेह्यांनी ‘म्हणजे अहिंसेचे वाहन!’ असा उद्गार काढला. आपल्याकडे प्रत्येक चांगल्या गोष्टीला व्रताचे वस्त्र नेसवण्याची घाई असते. चुलते धर्माचरणी होते यात शंका नाही, पण गाडी त्यांनी खर्च वाचावा म्हणून केली. चार बॅटऱ्यांतले शिसे आणि गंधकाम्ल काही निष्पाप वस्तू नव्हेत. धर्माचा संबंध आलाच तर तो एका ठिकाणी. सूर्यास्तानंतर भोजन नाही हा नियम त्यांनी कधी मोडला नाही, आणि गाडीचा दिवा इतका मिणमिणता होता की अंधारात ती चालवणे शक्यच नव्हते. त्यामुळे दिवस मावळायच्या आत घर गाठण्याची दोन कारणे होती, आणि काकू म्हणतात की ते दिव्याचे कारण कोणाला सांगत नसत.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. गाडी चालू शकत होती, हे हिशेबाने दाखवता येते. ट्रकच्या चार बॅटऱ्या, प्रत्येकी १२ व्होल्ट आणि समजा १२० अँपिअर-तास धरल्या तर कागदावर पावणेसहा युनिट वीज होते. त्यातली निम्मी वापरणे शहाणपणाचे. अशा जड, संथ तीनचाकीला किलोमीटरमागे युनिटचा दहावा भाग धरला तरी २५-३० किलोमीटरची मजल होते. सारोळ्याला जाऊन परत येणे आवाक्यात होते. पण चालू शकत होती आणि चालत होती यांत अंतर आहे, आणि काकूंना दुसऱ्या गोष्टीचे उत्तर हवे होते.

ते उत्तर मोटारीच्या पोटात सापडले. वायरमनने मागचे झाकण उघडले आणि रॉकेलच्या फडक्याने कॉम्युटेटर पुसला. डीसी मोटारीत फिरत्या भागाच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे हे वर्तुळ असते आणि त्यावर कार्बनचे तुकडे घासत राहतात. वीज त्यांच्यातून आत जाते. न चाललेल्या मोटारीचा कॉम्युटेटर सपाट असतो. याच्यावर कार्बनच्या रुंदीएवढी खोबण पडली होती. बोटाचे नख अडकेल इतकी. आतले कार्बन झिजून बुंध्याला आले होते. पुढच्या काट्यापाशी, जेथे चाक वळताना केबल पिळली जाते, तेथे तिचे रबर आतल्या बाजूने घासून गुळगुळीत झालेले होते. एकाच जागी उभ्या असलेल्या किंवा ढकलत नेलेल्या गाडीत यातले काहीच घडत नाही. ढकललेल्या गाडीचे टायर झिजतात, कार्बनही थोडा घासतो, पण भाराखाली प्रवाह वाहताना तांब्यावर ठिणग्यांचे जे बारीक काळे डाग पडतात, ते पडत नाहीत. ते पट्ट्यापट्ट्यांच्या कडांवर स्पष्ट दिसत होते.

हे मी बाहेर येऊन सांगितले तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि चहाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. ‘‘मग हे त्यातलेच का बघ. मी समजत होते कसल्यातरी पेन्सिली आहेत. फेकू नको म्हणाले होते, म्हणून ठेवलेत.’’ डब्यात कार्बनचे तुकडे होते. झिजून अर्ध्याच्या खाली आलेले, प्रत्येकाला तांब्याच्या वेणीचे शेपूट. वायरमनने ते ओट्यावर मांडले. चौदा भरले. मोटारीत एका वेळी चार बसतात. म्हणजे निदान तीन वेळा ते पूर्ण झिजवून बदललेले, वर दोन जास्तीचे, आणि चौथा संच अजून आत. नीट बसवलेला कार्बन शेकडो तास टिकतो.

घरातल्या तरुण मुलाने ते तुकडे हातात घेऊन पाहिले आणि विचारले, ‘‘मग बंद का पडली?’’ याला उत्तर बॅटऱ्यांचेच. ट्रकची बॅटरी इंजिनाला क्षणभर झटका देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात. तिला रोज अर्ध्यापर्यंत रिकामी करून पुन्हा भरत राहिले तर ती फार दिवस साथ देत नाही. चार नव्या बॅटऱ्यांचा खर्च आणि वर्षभरातले वाचलेले डिझेल यांचा हिशेब एखाद्या वर्षी चुकला असेल, आणि दुकानदाराला तो कळायला वेळ लागला नसेल. उधारीच्या एका वहीत बॅटरीवाल्याच्या नावाने दोन मोठ्या रकमा आहेत, त्यानंतर नाहीत.

भंगारवाला आला तेव्हा त्याला पडवीतले जुने पत्रे आणि कडबा कापायचे मोडके यंत्र दिले गेले. गाडी गोठ्याच्या दुसऱ्या बाजूला, विटांवर उचलून ठेवली आहे. नवी खोली एक हात लहान बांधायचे ठरले. मोटारीला ग्रीस भरून झाकण बसवले, कार्बनचा डबा काकूंनी पुन्हा आपल्या कपाटात ठेवला.

एक गोष्ट उरली आहे. टेम्पोच्या चासीवर ठोकलेल्या क्रमांकाचे सुरुवातीचे अंक गंजाने गेले आहेत आणि गाडीचे एकही छायाचित्र घरात नाही. १९७०च्या दशकात नीरा, लोणंद, शिरवळ, भोर या बाजारांत ज्या वाचकांचे वडील किंवा आजोबा व्यापार करीत होते, त्यांच्या जुन्या अल्बममध्ये एखाद्या लग्नाच्या किंवा पंचकल्याणकाच्या छायाचित्रात, मागे कोठेतरी, दोन दारांची ओबडधोबड तीनचाकी केबिन उभी दिसली, तर ते छायाचित्र कृपया संपादकांकडे पाठवावे. मोटारी भरणाऱ्या त्या कारागिराच्या घरातील कोणी हा लेख वाचत असेल तर त्यांनीही अवश्य कळवावे. काकूंना त्यांचे नाव आठवत नाही, चहात साखर दोन चमचे लागे एवढे आठवते.